खोट्या आजीची माहितीपुस्तिका

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०

नवी वही, नवं पेन, नवं काम. आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायला नाही, स्वतःच्या शिस्तीसाठी.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून काम दिलं: खोट्या आजीचं डॉक्युमेंटेशन. मुदत ३१ मार्च. अठ्ठावीस दिवस म्हणजे चिक्कार झाले.

पुढेमागे मलाच आठवायला नको म्हणून लिहून ठेवतो. आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गळ्यात घालायचं बटण देते. पडलंझडलं, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. आमच्या सेंटरला फोन वाजतो आणि मिनिटभरात कुणीतरी बोलतं. ही सगळी यंत्रणा जिवंत आहे की बंद पडलीय हे कळावं म्हणून कॉम्प्युटरात एक खोटी आजी ठेवलेली आहे. ती दर पाच मिनिटांनी खोटं बटण दाबते. उत्तर आलं तर गप्प बसते. नाही आलं तर ठरलेल्या सात जणांच्या फोनवर बोंब मारते. कागदोपत्री तिला सिंथेटिक मॉनिटर म्हणतात, पण एवढं लांब कोण बोलणार.

या आजीच्या सेटिंग बदलायला एक टूल आहे. एपीआय. किती मिनिटांनी दाबायचं, किती वेळ वाट बघायची, कुणाकुणाला कळवायचं, सगळं त्यातून बदलतं. ते बनवणारा इंजिनिअर, आमचा मौनीबाबा, दिवसाला चार वाक्यं बोलायचा. शुक्रवारी तो नोकरी सोडून गेला. जाताना लिफ्टपाशी मला म्हणाला, की एक ओळ मात्र नक्की लिहा: एकच गोष्ट बदलायची असली तरी सगळी सेटिंग पाठवायची, जे पाठवणार नाही ते पुसलं जातं. मी म्हटलं, लिहितो की. एक ओळ लिहायला काय लागतंय!

पण नुसती ओळ लिहिणं हे डॉक्युमेंटेशन नव्हे. लोक अशीच चिठोरी लिहितात आणि पुढच्यांनी बोंबलत बसायचं. मी ग्रंथ करणार. प्रस्तावना, परिभाषा, इतिहास, मग पायरीपायरीने मुख्य विषय. हे बटण बाबांच्याही गळ्यात आहे, मीच घातलंय. म्हणजे काम घरचंच.

रोज सहाला उठायचं. दोन पानं लिहायची. बाबांना रोज फोन.

बुधवार, ५ मार्च. रात्री जेवणानंतर

उठायला पावणेआठ. सर्दी होणार असं वाटत होतं.

हिने जेवताना टोमणा मारला, की बाबांना शेवटचा फोन कधी केलास. मी म्हटलं, मी काय रिकामा बसलोय का. ही म्हणाली, बाबा तरी कुठे कामात आहेत, तिकडे चार भिंतींशी बोलत बसलेत. मी हात धुवायला उठलो.

पण गप्प बसणाऱ्यातला मी नाही. फोनमध्ये शेड्यूल लावलं. रोज सकाळी बरोबर नऊला बाबांना मेसेज जाणार: बाबा, कसे आहात? औषध घेतलं का? एकदा लावलं की वर्षानुवर्षं चालतं, एक दिवस खाडा नाही. फोनवर माणूस विसरेल, मशीन विसरत नाही. हिला सांगितलं नाही. तिला तांत्रिक गोष्टींचं कौतुक नसतं.

गुरुवार, ६ मार्च

९.०३ ला बाबांचं उत्तर: ठीक.

बघा! चार दिवसांत मी लावलेली ही दुसरी यंत्रणा. पहिली म्हणजे ही वही.

सोमवार, १० मार्च

प्रस्तावनेची पाच पानं झाली. फाँट ठरवण्यात दीड दिवस गेला, पण पाया पक्का हवा.

नवाच्या मीटिंगमध्ये रोज माझा फोन टुंग करतो. ठीक. टुंग. ठीक. साहेबांनी आज भुवई वर केली. बाबांचे मेसेज म्यूट केले. उत्तर येणारच आहे, आणि ते काय येणार हेही माहीत आहे. बघायचं काय त्यात?

बुधवार, १२ मार्च

हेल्पडेस्कच्या बाई आल्या होत्या. वय पन्नाशीचं, चष्मा दोरीला लटकवलेला, कायम घाईत. बटणाचे फोन त्यांच्या विभागात येतात आणि आजीची देखभालही आता त्यांच्याच गळ्यात पडलीय. म्हणाल्या, तुमचं पुस्तक होईल तेव्हा होऊ दे, मला एक पान द्या. काय पाठवलं की काय होतं, एवढंच.

या लोकांना सगळं पी हळद आणि हो गोरी असं हवं असतं. मी म्हटलं, बाई, संदर्भाशिवाय माहिती म्हणजे अर्धवट माहिती, ती फार घातक. त्या म्हणाल्या, मला आत्ता काहीच नाही, त्यापेक्षा अर्धवट बरी. हसून सोडून दिलं. तरी मनात म्हटलं, मौनीबाबाची ती ओळ सांगून टाकावी का? मग विचार केला, सुटी ओळ सांगितली तर तिचं गांभीर्य जातं. प्रकरण सातमध्ये ती चौकटीत येणार आहे. लाल.

रविवार, १६ मार्च

बाबांकडे गेलो. खरं तर हिने ढकललं.

बाथरूमला लावायचं हँडल फेब्रुवारीपासून गाडीच्या डिकीत आहे. चांगलं स्टीलचं, मीच शोधून आणलेलं. आज लावणारच होतो, पण ड्रिल मशीन घरी राहिलं. बाबा म्हणाले, असू दे, भिंतीला धरून जातो मी. त्यांच्या बाथरूमची भिंत हाताच्या उंचीवर एका पट्ट्यात काळपट झालीय. रंग काढायला हवा एकदा.

बाबा लाइनमन होते, छत्तीस वर्षं खांबांवर. मी काय काम करतो हे त्यांना आजवर कळलेलं नाही, तरी दर वेळी विचारतात. आज नीट समजावलं. खोटी आजी, टूल, ग्रंथ. शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, की त्यात सगळ्यात आधी काय लिहिलंयस? मी म्हटलं, प्रस्तावना. बाबा म्हणाले, आम्ही आधी पाटी लावायचो. माणूस वर आहे, स्विच लावू नका. पाटी लावल्याशिवाय शिडीला हात नाही. बाकी सगळं नंतर.

काय सुंदर आठवण! घरी येताच प्रस्तावनेत घातली. आता ती नऊ पानांची झाली.

निघताना विचारत होते, पुढच्या रविवारी येतोस ना. नक्की म्हटलं. ड्रिल घेऊन.

गुरुवार, २० मार्च. दुपारी ३.१५

डॉक्युमेंटेशनचं पहिलं यश! तारीख लक्षात ठेवण्यासारखी.

बाईंचा फोन आला. दुरुस्ती चालू आहे, आजीचं बटण पाचाऐवजी दहा मिनिटांनी दाबायचंय, काय पाठवू? नेमका मी परिभाषेत 'मिनिट' या शब्दाची व्याख्या लिहीत होतो. लय बिघडली. तरी राग आवरला आणि प्रकरण सहातला नमुना तसाच पाठवून दिला. एकच ओळ: वेळ, दहा मिनिटं. बाईंनी पाठवला. स्क्रीनवर हिरवं 'यशस्वी' उमटलं. बाई म्हणाल्या, एवढंसंच होतं की! मी म्हटलं, चांगल्या लेखनाचं हेच लक्षण.

फोन ठेवल्यावर काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटलं. आठवेल.

शुक्रवार, २१ मार्च

आठवलं नाही. म्हणजे महत्त्वाचं नसणार.

रविवार, २३ मार्च

बाबांकडे जाणं झालं नाही. परिभाषा 'य' पर्यंत आली होती, मध्येच सोडणं बरं दिसत नाही. सकाळचा मेसेज गेलाच असेल.

गुरुवार, २७ मार्च

पूर्वी खोटी आजी दिवसातून एकदोनदा तरी किरकोळ कारणासाठी बोंब मारायची, अन् बाईंचा फोन सारखा कोकलायचा. आज आठवा दिवस, एकही अलर्ट नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे कशामुळे? मी नम्रपणे म्हटलं, की कागदपत्रं नीट असली की यंत्रणेला आपोआप शिस्त लागते. साहेब मान डोलावत होते.

बाई मात्र म्हणाल्या, एवढी शांतता मला बरी वाटत नाही, आजी जिवंत आहे ना? मी उघडून दाखवलं. दर दहा मिनिटांनी बटण दाबतेय, नोंद करतेय, पठ्ठी एकदम ठणठणीत. बाईंचं तोंड पडलं. काही माणसांना सुख दुखतं.

सोमवार, ३१ मार्च. मुदत

झालेलं काम: प्रस्तावना अठरा पानं, परिभाषा एकतीस, मुखपृष्ठ (तीन नमुने). प्रकरण सहापर्यंतचे नमुने. सातवं प्रकरण, म्हणजे चौकटीतली ओळ, राहिलंय. त्या चौकटीसाठी लाल रंगाची नेमकी छटा मिळत नाहीये. एक छटा भडक वाटते, दुसरी गुलाबी.

साहेबांकडे आठवडा वाढवून मागितला. ते म्हणाले, अहो, एका टूलला किती लिहिताय. म्हटलं, सर, पाया. घोडं फक्त रंगावर पेंड खातंय, बाकी तयार आहे.

हँडल अजून डिकीत. ब्रेक मारला की खडखडतं आणि लोक वळून बघतात. कापडात गुंडाळून ठेवलं.

बुधवार, २ एप्रिल. सकाळी ८.१५

आज सातवं प्रकरण संपवणारच. फोन सायलेंट करून बॅगेत टाकला. संध्याकाळपर्यंत जगाशी संबंध नाही. माणसाने एकदा तरी असं झोकून काम करून पाहावं.

तोच दिवस. रात्री, हॉस्पिटल

बाबा बाथरूममध्ये पडले. सकाळी साडेसहाला. सापडले बारा वाजून दहा मिनिटांनी.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना नळ वाहत असल्याचा आवाज कधीपासून येत होता. शेवटी वर जाऊन त्यांनी दार ढकललं. मला चार फोन केले. मग हिला केला. हिने अँब्युलन्स बोलावली, हीच बाबांबरोबर बसून आली. मला साहेबांनी जागेवर येऊन सांगितलं. तेव्हा मी छटा निवडत होतो.

खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन परवा. डॉक्टर म्हणाले, पावणेसहा तास थंड फरशीवर, या वयात, छातीकडेही बघावं लागेल. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, बघू.

बाबांना मी विचारलं, बटण का दाबलं नाही? विचारलं ते अंमळ रागानेच. बाबा म्हणाले, दाबलं. अकरा वेळा दाबलं. मग वाटलं बिघडलं असेल, उगाच कशाला त्रास द्यायचा.

गुरुवार, ३ एप्रिल. हॉस्पिटलचा कॉरिडॉर

कळलं. काल पहाटे दुरुस्तीवाल्यांनी लाइन काढली आणि परत जोडलीच नाही. पहाटे पाच पन्नासपासून सेंटरला एकही फोन येत नव्हता. हिने दुपारी बाईंना फोन करून झाडलं तेव्हा कुठे कळलं.

खोट्या आजीला मात्र पहिल्याच फटक्यात कळलं होतं. तिने दर दहा मिनिटांनी बटण दाबलं, उत्तर आलं नाही, आणि इमानाने नोंद केली. बाबा सापडेपर्यंत एकोणचाळीस वेळा. कळवलं कुणालाच नाही. कुणाला कळवायचं, ती जागा रिकामी. सातही नावं पुसलेली. वीस मार्चपासून.

त्या सकाळी बटण दाबणारे सहा जण होते. पाच जणांच्या घरी नशिबाने कुणीतरी आलेलं होतं.

मला वाटतं, मूळ दोष टूलचा आहे. 'यशस्वी' असं म्हणायचंच कशाला? शिवाय मौनीबाबाने ही गोष्ट लिफ्टपाशी सांगायची होती का? ही काय लिफ्टपाशी सांगायची गोष्ट आहे? रीतसर मेल करायची पद्धत असते.

नंतर, दुपारी

वेळ जाईना म्हणून फोन काढला. बाबांचे मेसेज उघडले. म्यूट केल्यापासून उघडलेच नव्हते. ठीक, ठीक, ठीक असणार हे माहीत होतं.

११ मार्च: ठीक.

१४ मार्च: ठीक. तू कसा आहेस?

१७ मार्च: ठीक. काल बरं वाटलं.

२२ मार्च: ठीक. उद्या येतोस ना?

२३ मार्च: ठीक. दुपारपर्यंत वाट बघतो, मग जेवून घेतो.

२६ मार्च: ठीक. डावा पाय जरा लटपटतो. काळजी करू नको.

३० मार्च: ठीक. ड्रिल मशीन काकूंच्या मुलाकडे आहे म्हणे. तू फक्त हँडल आण.

२ एप्रिल, नऊ वाजता: बाबा, कसे आहात? औषध घेतलं का?

पुढे काही नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

ऑपरेशन झालं. छातीत कफ आहे.

मध्ये दोन तास ऑफिसला जाऊन आलो, चौकशी होती. साहेबांनी विचारलं, सेटिंग कुणी बदलली? लॉगिन बाईंचं. सगळे बाईंकडे बघायला लागले. मी बोलणारच होतो, वाक्य जुळवत होतो. सुरुवात कुठून करावी, मौनीबाबापासून की टूलच्या रचनेपासून, एवढंच ठरत नव्हतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, माझ्याकडून चुकलं. त्यांना मेमो मिळणार.

सोमवारी साहेबांना सगळं सविस्तर सांगतो. अशा गोष्टी घाईत सांगितल्या की गैरसमज होतात.

शनिवार, ५ एप्रिल

बाई हॉस्पिटलात आल्या. थर्मासमधून चहा आणला होता. बाबांची विचारपूस केली, हिच्याशी बोलल्या. मग मला बाहेर बोलावलं आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. माझा नमुना. प्रकरण सहा, एक ओळ, खाली पान क्रमांक आणि माझं नाव. मीच ठरवलेल्या फाँटमध्ये.

म्हणाल्या, बाकीचं पाठवलं नाही की पुसतं, हे तुम्हाला माहीत होतं का? एवढंच सांगा.

मी म्हटलं, सातव्या प्रकरणात येणार होतं.

बाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, तुमचे वडील आत आहेत म्हणून काल बोलले नाही. तेवीस वर्षं झाली मला फोन उचलताना. एक कॉल सोडला नाही कधी. कागद त्यांनी माझ्याच हातात ठेवला आणि थर्मास सोमवारी परत आणा म्हणून सांगून गेल्या.

मला रडू आलं. पण कॉरिडॉरमध्ये माणसं होती.

रविवार, ६ एप्रिल

साहेबांना मेल लिहायला घेतला. मला माहीत होतं, मी बाईंना सांगितलं नाही. सांगायचं आहे ते एवढंच. पण आधी थोडी पार्श्वभूमी द्यावी म्हटलं. ती पाऊण पानाची झाली. हिने मागून वाचलं आणि आत निघून गेली.

संध्याकाळी कळलं, हिने सकाळीच डिकीतून हँडल काढून नेलं आणि सुतार बोलावून बाबांच्या बाथरूमला लावून घेतलं. पंधरा मिनिटं लागली म्हणे.

सोमवार, ७ एप्रिल. सकाळी ९.२५

मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. आज दुपारी नक्की.

बाबा आज पहिल्यांदा टेकून बसले. ताप उतरलाय. डॉक्टर म्हणाले, घरी जातील, पण आता एकट्याने राहणं विसरा. मी त्यांना चहा पाजत होतो. एका हातात कप, एका हातात बशी. ते घोट घेत होते आणि मला बरं वाटत होतं, की बघा, शेवटी मुलगा जवळ आहे.

नऊ वाजले. स्टुलावरचा त्यांचा फोन वाजला. बाबांनी चष्मा लावला, फोन लांब धरून वाचला. बाबा, कसे आहात? औषध घेतलं का? वर माझं नाव, माझा फोटो.

त्यांनी फोनकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. कप आणि बशी.

म्हणाले, तू तर इथं आहेस.

मी हो म्हटलं.

त्यांनी विचारलं, मग रोज कोण विचारत होतं?

मी समजावून सांगायला लागलो. फोनमध्ये अशी सोय असते, वेळ लावून ठेवायची, मग ते आपोआप जातं, खाडा होत नाही. ती आमची खोटी आजी आहे ना बाबा, साधारण तसंच. बाबांनी नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कळलं म्हणून मान हलवली. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पाठवलं. मी वाकून पाहिलं. ठीक.

फोन उशीखाली सरकवून म्हणाले, दे, चहा निवतोय.

माझा फोन खिशात होता. वाजला नाही.